रांगेच्या पुढे

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सही केली! माझ्या पाठीमागे, माझ्या सख्ख्या दिराने!

कळलं कोणाकडून, तर बेकरीवाल्याकडून. पाव घ्यायला गेले तर पिशवी पुढे सरकवत म्हणतो, "ताई, ट्रक कधी सुरू होणार?" कसले ट्रक? "खाणीचे. आपल्या वाटेवरून. भाऊंनी गेल्या महिन्यात सही दिली ना... म्हणजे, तुम्हाला माहीत नाही?" बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि पिशवीत एक पाव जास्तीचा टाकला. मला पाव नको होता. मला त्या क्षणी कोयता हवा होता.

आपली सायकलींची वाट! नदीच्या कडेने, रूळ उखडून नेलेल्या जुन्या रेल्वेच्या भरावावरची. मोटार नाही, धूर नाही, हॉर्न नाही. काटेरी रान तोडलं तेव्हा पुढे मी होते. खाली जाड खडी, वर बारीक कच, मग पाणी, मग रोलर — उन्हात उभं राहून थरावर थर घालून घेतले. रेल्वेच्या कचेरीतल्या प्रत्येक खुर्चीला माझा आवाज पाठ आहे. आणि मंडळ झालं तेव्हा मीच म्हटलं, भाषणं मी करते, भावजी, सेक्रेटरी तुम्ही व्हा, कागद तुम्ही सांभाळा. कुऱ्हाडीचा दांडा मीच तासला, मीच बसवला.

गेल्या महिन्यात मी आईच्या उशाशी बसले होते. ती जात होती आणि इथे याचं पेन चाललं होतं. नंतर भेटायला आला. माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसला. "वहिनी, इकडची काळजी करू नका. मी सगळं बघतोय."

बघितलंच!

आजपासून या पानांवर तो 'तो'. अहो-जाहो संपलं.


बुधवार, ९ ऑक्टोबर

गेले त्याच्या घरी. चपलाही काढल्या नाहीत.

"दोन महिने फक्त, वहिनी. तात्पुरतं. त्याच्या बदल्यात खाणवाला नदीवरचा पूल दुरुस्त करून देणार. नाहीतर रेल्वेवाले पूल बंद करू म्हणतायत. पूल गेला की वाट गेली."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही आईंजवळ होतात."

"आणि परत आल्यावर?"

चष्मा पुसत बसला. जाऊबाई आतून आल्या, हात पदराला पुसत. "ताई, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतंत का? उभं राहून भाषण केलं असतंत. आत्ताही उभ्याच आहात."

बसले नाही ते नाहीच.

तात्पुरतं! आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यात एक गोष्ट पक्की कळली. जगातली प्रत्येक शरणागती 'तात्पुरती' म्हणून सुरू होते. आक्रमक येतो तो पाहुणा म्हणून, राहतो तो पहारेकरी म्हणून, आणि मग घरधन्यालाच विचारतो, तू कोण? बोट दिलं की मनगट धरणारी जात ही. दोन महिन्यांत ट्रक चाकोऱ्या पाडतील, मग चाकोऱ्या पडल्याच आहेत तर डांबर टाकू म्हणतील, मग डांबर आहेच तर मोटारी सोडू. संपलं!

पण एक कलम तो विसरला. सेक्रेटरीच्या सहीला सभासदांची मंजुरी लागते. रविवारी सभा. मंजुरी मिळेल असं गृहीत धरून बसलाय. मिळू दे! सगळ्यांसमोर उभा सोलते याला. लोक उठून जाताना याच्याकडे बघणार नाहीत अशी व्यवस्था करते.


गुरुवार, १० ऑक्टोबर

डोकं भणभणत होतं म्हणून एकटीच सायकल काढली. टायरांतली हवा थोडी सोडली — खडीवर चाक मऊच हवं, टणक चाक उडतं. सिग्नलची जुनी केबिन, तिच्या खिडकीतून वर निघालेलं झाड, मग टेकडी कापून काढलेली गार सावली, आणि मग एकदम डाव्या हाताला नदी. एक बाई मुलाच्या सायकलची सीट धरून पळत होती. इथून ट्रक जाणार म्हणे!

पूल ओलांडून उतारावर, मोरीच्या जरा अलीकडे, पावसाच्या पाण्याने कच वाहून गेलाय. चांगला हातभर रुंद ओघळ पडलाय, आडवा, कडा धारेच्या. फक्त डावीकडे वीत-दीड वीत जमीन शाबूत. दुपारी दिसला. सकाळी तिथे झाडांची सावली असते, चाक आत जाईपर्यंत दिसायचा नाही. शनिवारी सगळ्यांना हात दाखवायला हवा.

शनिवारची रांग ही माझी निर्मिती. एकामागे एक, चाकामागे चाक. मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही आणि खडीच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून हात. खड्डा असला की बोट खाली. सुटी खडी असली की पंजा पसरून हलवायचा. थांबायचं असलं की मूठ पाठीवर. पहिल्याने दाखवलं की दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, असं शेवटपर्यंत. पुढे मी. माझ्या मागे तो. त्याच्या मागे हे. पहिल्या दिवसापासून असंच.

सही करताना मात्र याचा हात कोणाला दिसला नाही!


शुक्रवार, ११ ऑक्टोबर

ह्यांना भाषण म्हणून दाखवलं. हे अंगणात चेनला तेल घालत बसले होते. शेवटपर्यंत ऐकलं.

"छान आहे. फक्त शेवटी त्याला फाशी द्यायची राहिली."

"चेष्टा नकोय मला."

"चेष्टा नाही. माझा भाऊ आहे तो, मी ओळखतो त्याला. भित्रा आहे. लबाड नाही."

"भित्र्याच्या हातात पेन, हेच तर जगावरचं सगळ्यात मोठं संकट!"

"हे घाल भाषणात," म्हणाले आणि माझी सायकल उलटी करून तिच्याही चेनला तेल घातलं.

घातलं वाक्य.


शनिवार, १२ ऑक्टोबर. सकाळ

आला! मला वाटलं होतं तोंड लपवील. हेल्मेट घालून, बाटली भरून, हसत आला. "वहिनी, निघायचं ना?" — आणि आपल्या जागेवर, माझ्या मागे.

पुलावर फळ्या आहेत, तिथे खडीचा आवाज मरतो, बोललेलं ऐकू येतं. तिथे म्हणाला,

"उद्या बोलणार ना तुम्ही?"

"बोलणार."

"बोला की. तुम्ही बोलता, लोक टाळ्या वाजवतात, मग चहा पितात. आणि मग माझ्याकडे येऊन विचारतात, भाऊ, आता करायचं काय?" हसला. "इतकी वर्षं हेच चाललंय, वहिनी. काही वाईट नाही त्यात."

काही वाईट नाही त्यात!

पूल संपला. उतार लागला. खडी पुन्हा बोलायला लागली. पुढे सावली, सावलीत मोरी. मला माहीत होतं कुठे. डावा हात हँडलवर होता. एक बोट सोडायचं होतं. एक!

नाही सोडलं.

अगदी शेवटी चाक डावीकडे वळवलं आणि त्या शाबूत पट्टीवरून निघून गेले. मागे खडी फर्रकन उडाली, मग लोखंडाचा आवाज, मग काही नाही.

हे वाचले. हे नेहमी अंतर ठेवून चालवतात, आम्ही त्यांना हसतो.


त्याच दिवशी, संध्याकाळ

खुब्याचं हाड. शस्त्रक्रिया करावी लागणार. सायकल पुन्हा चालवता येईल का, विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी चालू द्या."

रांगेतल्या बेकरीवाल्याने पुलावरची एक सुटी फळी उपसून आणली होती. तिच्यावर घालून जुन्या स्टेशनपर्यंत आणला. एक कोपरा मी धरला होता. खरं लिहायचं तर वाईट वाटलं नाही. जड लागला, एवढंच.

पण पुढचं ऐका! ऐका म्हणजे कोणी नाही ऐकायला. दवाखान्यात सगळे कॉटभोवती उभे. जाऊबाई रडून रडून विचारतायत, "कसं झालं हो? कसं झालं? ताईंनी दाखवलं नाही का?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात हा उशीवरून,

"दाखवला होता हात वहिनींनी. माझंच लक्ष नव्हतं. नदी बघत होतो."

आणि हे म्हणताना माझ्याकडे पाहत होता. सरळ. पापणी न हलवता.

अंगाची आग आग झाली! कोणी मागितलं होतं? सही करताना विचारलं नाही, माफ करतानाही विचारलं नाही! मी हिशेब चुकता केला होता, समोरासमोर, आणि हा आडवा पडल्या पडल्या माझ्यावर उपकार करून मोकळा! थोर झाला फुकटात. माझा सूडसुद्धा याने ढापला.

घरी येताना हे एवढंच म्हणाले, "परवा तू त्या बाजूला गेली होतीस ना?"

"गेले होते."

"हं."


रविवार, १३ ऑक्टोबर

जिंकले!

सभागृह भरलं होतं. आधी सगळे पडलेल्या चेहऱ्याने बसलेले, भाऊ कसे आहेत, भाऊंना किती दुखतंय. असल्या वेळी बोलावं का, असं एक-दोघांनी सुचवूनही पाहिलं. मी म्हटलं, दुखावलेल्या माणसाबद्दल मला आदर आहे, दुखावलेल्या वाटेबद्दल कोण बोलणार? आणि मग थांबले नाही. शरणागतीचं बोलले, पाहुण्याचं आणि पहारेकऱ्याचं बोलले, भित्र्याच्या हातातल्या पेनाचं बोलले — टाळ्या! म्हटलं, ट्रकवाला पूल बांधून देणार? हात नाहीत का आपल्याला? फळ्या आपण आणू, खिळे आपण ठोकू! बेकरीवाला खुर्चीवर चढला, "पहिली फळी माझी!"

सही नामंजूर. त्याचं पद काढून घेतलं. सेक्रेटरी मी. सगळे हात वर, एक सोडून. हे मांडीवर हात ठेवून बसले होते. विरोध कोणाचा म्हणून विचारलं तेव्हाही हात मांडीवरच.

चहा झाला. कोणीही भाऊंना विचारायला गेलं नाही. मलाच येऊन विचारलं, ताई, आता करायचं काय?

ऐकतोयस का रे? मलाच विचारलं!

ज्याला ऐकवायचं तो मात्र तिथे नव्हता. भाषणातली सगळ्यात धारेची वाक्यं रिकाम्या खुर्चीवर टाकावी लागली. त्याची उणीव भाषणात जाणवली कोणाला नाही, मला जाणवली.


सोमवार, १४ ऑक्टोबर

जाऊबाईंनी मंडळाचा शिक्का आणि किल्ल्या धाकट्या मुलीबरोबर पाठवल्या. निरोप नाही. मुलगी दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तर म्हणाली, "नको काकू, आई थांबलीय खाली."

खिडकीतून पाहिलं. थांबली होती. वर पाहिलं नाही तिने.

न का पाहीना!


गुरुवार, १७ ऑक्टोबर

शस्त्रक्रिया झाली म्हणे. बरी झाली म्हणे. हे रोज जातात, मला चल म्हणत नाहीत, मीही विचारत नाही.

आज दवाखान्यातून आले ते तसेच फावडं आणि घमेलं घेऊन पुन्हा गेले. अंधार पडता पडता परतले, गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. "मोरीजवळचा ओघळ बुजवून आलो."

"मला सांगायचं की! सेक्रेटरी मी आहे. चार माणसं बोलावली असती."

"एका माणसाचंच काम होतं," म्हणाले आणि न्हाणीत गेले.

शनिवारची रांग काढायची ठरवली आहे. ट्रक अडवले, आता वाट कोणाची ते दिसलं पाहिजे! सगळ्यांना फोन केले. सगळे येतो म्हणाले. त्याच्या जागी कोण, हा प्रश्न होता. हे येतील पुढे, माझ्या मागे. एवढाच काय तो फरक.


शनिवार, १९ ऑक्टोबर

सगळे आले. "ताई, भाषण काय झालं त्या दिवशी!" — प्रत्येक जण म्हणाला. निघालो. खडीचा आवाज नेहमीपेक्षा कमी वाटला, म्हटलं वारा उलटा असेल.

मोरीपाशी ओघळ नव्हता, जमीन सपाट होती, तरी मी डावा हात खाली नेला आणि बोट दाखवलं. बऱ्याच अंतरापर्यंत दाखवत राहिले. मग पुढच्याने मागे बघायचं नाही हा माझाच नियम मोडून मागे पाहिलं.

माझ्या चाकामागे कोणी नव्हतं. रांग पार पुलाजवळ होती, सरळ, चाकामागे चाक. पुढे हे होते. हात त्यांचा खाली होता, आणि सगळे त्यांचा हात बघत येत होते.