शिरीषची जिरवायची

॥ श्री ॥

हिल्सबरो, ऑकलंड
११ मे २०१४

ती. शकुताईस,
रमणचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर बोललो की अस्मिता पलीकडच्या खोलीतून ऐकते, आणि माझ्या ईमेलचा पासवर्ड माझ्यापेक्षा तिलाच जास्त पाठ आहे. म्हणून कागद.

त्या शिरीषने माझं डोकं फिरवलंय. तुला आठवत असेल तो, न्यू लिनला राहतो, आयटीत आहे, गणपतीत आरतीपुरतं तोंड उघडतो. अस्मिताच्या कॉलेजला मुलींच्या फुटबॉलसाठी कोच मिळत नव्हता तेव्हा मीच त्याचं नाव सुचवलं होतं. या देशात शाळेलाच कॉलेज म्हणतात, त्यामुळे शाळेच्या कोचलाही प्रोफेसरचा तोरा येतो. मागच्या मोसमात सगळ्यांत जास्त गोल आपल्या अस्मिताचे. यंदा या शहाण्याने तिचा गोल मारणारीचा नऊ नंबर काढून घेतला आणि तिला गोलपासून लांब, मैदानाच्या मधोमध उभी केली. नुसती उभी!

त्याची अक्कल ऐक. चार मुली एका रांगेत, एकीचं तोंड डावीकडे, दुसरीचं उजवीकडे. बॉल घेऊन पळणारी येते, उभ्या मुलीच्या पायात बॉल देते आणि ओरडते, ‘खो!’ की ही सुटली, जिकडे तोंड असेल तिकडे. ताई, हा सरळसरळ खो-खो आहे. गोऱ्या, सामोअन, चिनी पोरी थंडीत कुडकुडत ‘खो’ म्हणून किंचाळतात आणि समोरची टीम शांतपणे बॉल घेऊन जाते. आत्तापर्यंतच्या सगळ्या मॅच हरलो. एक गोल झाला, तोही समोरच्यांनी चुकून स्वतःवर घेतलेला.

शनिवारी सकाळी साइडलाइनला आम्हा आईबापांची लोकसभा भरते. एक प्लंबर आहे, तो म्हणतो, बॉल उंच मारा आणि मागे पळा, फुटबॉल एवढाच असतो. एका टोंगन मुलीची आई म्हणते, थोडे दिवस द्या, पोरी हसतायत तरी. हसतायत! मी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. स्पोर्ट्सच्या बाईंनी सांगितलं, जूनमध्ये हॅमिल्टनच्या कॉलेजशी दरवर्षीची एक्स्चेंज मॅच आहे, एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे, ती हरलो तर कोच बदलू.

आणि हॅमिल्टनचे कोच कोण, तर आमचे सुशीलदाजी. आता कळलं ना मी का लिहितोय?

शिरीषच्या खो-खोत एक भोक आहे. उभी मुलगी जिकडे तोंड तिकडेच सुटते, मागे वळायचं नाही असा त्याचा हुकूम. तेव्हा प्रत्येकीच्या तोंडासमोर आधीच आपली एक मुलगी उभी करायची, सगळा खेळ जागच्या जागी गार. एवढं दाजींच्या कानावर घाल. मीच आणला त्याला, मीच घालवणार.

धाकट्याचा राग पोटात घाल आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझा
रमण


॥ श्री ॥

हॅमिल्टन
२० मे २०१४

चि. रमणास,
शकुताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, दोन्ही वेळा हसले आणि मग हसू गेलं. इथे परसात फिजोआच्या फळांचा सडा पडलाय. मुरांबा केलाय, तुझ्या बायकोसाठी, स्नेहलतासाठी, दोन बाटल्या काढून ठेवल्यात. यांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण मैदानावर गेले की दोन्ही गुडघे विसरतात.

तू खो-खोवर बोलावंस ही मोठी गंमत आहे. लहानपणी तुला आम्ही रांगेत बसवलं की लगेच तुझे पाय दुखायचे. कोणी येऊन खो देईपर्यंत पाठ करून गप्प बसायचं, हे तुला जन्मात जमलं नाही. मी शाळेची कॅप्टन होते, तेव्हा त्या खेळाची अक्कल मला शिकवू नकोस.

निरोप मी पोचवणार नाही. स्वतःच्या लेकीची टीम हरावी म्हणून बाप धडपडतोय, हे मी माझ्या नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू? शिरीषवर राग असेल तर न्यू लिनला जा, त्याच्या दारात उभा राहा आणि भांड. आणि रमण, अस्मिताला एकदा विचारलंस का, तिला तिथे उभं राहायला आवडतं की नाही?

राग निवळला की लिही, नाही निवळला तरी लिही.

तुझी
शकुताई


हिल्सबरो
८ जून २०१४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सोळा वर्षांच्या मुलीला काय विचारायचं? विचारलं तर ‘इट्स ऑल गुड, बाबा’ म्हणते आणि कानात हेडफोन घालते. तिचा अपमान तिला कळत नसेल तर तो मला कळायलाच हवा.

तू नाही म्हणालीस म्हणून मी आज रविवार असून रिकाम्या ऑफिसात जाऊन दाजींना थेट फोन केला. सगळं सांगितलं, कोण कुठे उभी असते, कोणाचं तोंड कुठे. ते आधी हसले, मग कागद घेऊन आले. त्यांना दोष देऊ नकोस, कोच माणसाला अशी माहिती आयती मिळाल्यावर तो कान बंद करत नाही.

घाई करावी लागली, कारण काल आमची मॅच बरोबरीत सुटली. दोन गोल झाले, दोन्ही खो देऊन. तो प्लंबर डुलायला लागला, मला म्हणाला, यात काहीतरी आहे बरं का. असं चार जणांना वाटलं तर माझ्या सह्यांना काय किंमत? गेल्या शनिवारी त्याच शिरीषने ‘कसा आहेस रमण’ म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या पोरीला कोपऱ्यात टाकून वर विचारपूस! त्याची जिरल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही.

रागावलीस तरी परकं करू नकोस.

रमण


हिल्सबरो
१९ जून २०१४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पाच-शून्य! काल तुमच्या मैदानावर मी चेहरा पाडून उभा होतो, पण आतून मला जे गार वाटलं ते काय सांगू. दाजींच्या पोरींनी पहिल्या मिनिटापासून आमच्या चौघींना असं जखडलं की खो द्यायला वाटच उरली नाही. शिरीष हाताची घडी घालून बघत राहिला. आज दुपारी कॉलेजचा फोन आला, त्याला मोकळं केलंय. इथली पोरं ‘झकास’ला म्हणतात तसं, स्वीट अ‍ॅज!

नवा कोच प्लंबरच्या मताचा आहे. अस्मिताला नऊ नंबर परत मिळणार, हे मी स्वतः बोलून पक्कं केलंय. काल ती बसमध्ये चढलीच नाही, आत्याकडे राहते म्हणाली. दमली असेल. तिला गोडाधोडाचं खाऊ घाल आणि रविवारी परत पाठव, मी हॅमिल्टनला घ्यायला येतो.

विजयी भावाला शाबासकी नको, पण आशीर्वाद चालू ठेव.

रमण


॥ श्री ॥

हॅमिल्टन
२६ जून २०१४

चि. रमणास, आशीर्वाद.

रविवारी तू दाराबाहेर ताटकळलास आणि अस्मिता बाहेर आली नाही, तेव्हा मी तुला काही बोलले नाही. पोरीनेच अडवलं होतं. आता तिने परवानगी दिली आहे म्हणून लिहिते.

मॅच संपल्यावर हे तिला शाबासकी द्यायला गेले. ती म्हणाली, काका, तुम्हाला सगळं आधीच कसं कळलं? हे सरळ माणूस. म्हणाले, अगं, तुझ्या बाबांनीच सांगितलं. यांना वाटलं तुम्हा बापलेकींची काही चेष्टा चाललीय. तिचा चेहरा बघून यांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन यांनी मला सगळं सांगितलं.

तो खेळ शिरीषचा नव्हे, रमण. अस्मिताचा आहे. डिसेंबरात, उन्हाळ्याच्या सुट्टीत ती इथे होती, तेव्हा मी तिला आणि शेजारच्या मुलांना पार्कात खो-खो शिकवला. तिथेच तिच्या डोक्यात हे आलं. कॉलेज उघडल्यावर ती शिरीषकडे गेली. तो आधी हसला, मग म्हणाला, करू, पण सगळ्यांत जास्त गोल मारणारी मुलगीच आधी रांगेत उभी राहिली तर बाकीच्या उभ्या राहतील. तिने नऊ नंबर स्वतःच्या हाताने काढून दिला.

तुला सांगू नका, असं तिनेच शिरीषकडून वचन घेतलं होतं. बाबा म्हणतील हे खूळ सोड आणि गोल मार, अशी तिला भीती होती. जिंकल्यावर सांगणार होती. तुझ्या सह्या, तुझे टोमणे, सगळं त्या माणसाने एका पोरीला दिलेल्या शब्दासाठी मुकाट सोसलं. जाताना त्याने तिला फोन केला, आणि तेव्हासुद्धा तुझ्याविरुद्ध बोलला नाही.

तू मला विजयी भाऊ म्हणून पत्र लिहिलंस. मला त्या शब्दाची लाज वाटते. अस्मिता तुला स्वतः लिहील म्हणते, तोवर फोन करू नकोस.

आशीर्वाद तेवढे देते, बाकी सध्या काही मागू नकोस.

शकुताई


हॅमिल्टन
२७ जुलै २०१४

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

असं लिहितात, असं आत्याने सांगितलं. ती शुद्धलेखन तपासते आहे, मजकूर नाही. मी इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, तुला राग नीट सांगता येत नाही. म्हणून मराठीत.

मी परत येणार नाही. आईशी बोलले, ती रडली आणि मग हो म्हणाली. गेल्या सोमवारपासून मी इथल्या कॉलेजला जाते. काका मला सॉरी म्हणाले, खूप वेळा. मी त्यांना म्हटलं, सॉरी नको, माझा खेळ तुमच्या टीमला शिकवू द्या. आता आम्ही रोज खो-खो खेळतो. शिरीष सर दोनदा बघायला आले. तुम्ही त्यांचं काम घालवलं, पण त्यांनी मला तुमच्याशी बोलायला सांगितलं. मी त्यांना नाही म्हटलं.

तुम्ही काकांना एक गोष्ट सांगितली नाहीत, कारण तुम्हाला ती माहीतच नव्हती. रांगेतली मुलगी मागे वळत नाही हे बरोबर. पण खो-खोत खांबाला वळसा घालून दिशा बदलता येते. आम्ही खांब अजून वापरलाच नव्हता, त्याची प्रॅक्टिस चालली होती. आता तो इथे वापरणार.

माझ्या जुन्या मैत्रिणी मेसेज करतात. नवे सर बॉल उंच मारायला सांगतात आणि नऊ नंबरची जर्सी कपाटात पडून आहे. तुम्ही ती माझ्यासाठी मिळवलीत ना? घेऊन जा घरी.

पुढच्या जूनमध्ये एक्स्चेंज मॅच तुमच्याकडे आहे. मी हॅमिल्टनच्या जर्सीत असेन, मधोमध, उभी. मैत्रिणी आहेत म्हणून मी हळू खेळेन असं समजू नका. मी त्यांना हरवणार आहे, आणि हरवताना तुमच्याकडे बघणार आहे. तुम्ही नक्की याल आणि नेहमीसारखं ओरडाल, मला माहीत आहे. कोणाच्या बाजूने ओरडायचं ते आत्ताच ठरवा.

लोभ आहे. राग जास्त आहे.

अस्मिता