हजेरीच्या मशीनवर माझं बोट

बाबा, तुमाले जाऊन किती वर्षं झाली, आता मी आजी झाली, तरी आजची गोष्ट तुमाले सांगितल्याशिवाय मले राहवत नाही. मी नगरपालिकेत पाणी भरते, चाय देते, हे तुमी पाहिलंच नाही. तर आमच्या हापिसात हजेरीची मशीन आली. आता रजिस्टरवर सही नाही, मशीनवर अंगठा टेकवा की कम्प्युटरात हजेरी लागते. नाही लागली तर पगार नाही. मी म्हटलं, मी नाही लावत अंगठा.

तुमीच तर सांगितलं होतं! भरवेलीच्या खाणीतून पगाराच्या दिवशी तुमी अंगठा लावून येता, मोरीवर बसता, अन् अंगठा घासतच राहता. खाणीचा काळा रंग निघते, शाई निघत नाही. आई म्हणते, "आता कातडं काढता का?" मंग तुमी मास्तरापाशी नाव लिहाले शिकले अन् मले चुलीपुढं बसवलं. राख पसरली, माझं बोट धरून त्यात माझं नाव गिरवलं. "पोरी, उपाशी राह्यली तरी चालन, पण अंगठा नको लावजो." दोनच वर्ग शिकली मी, पण रजिस्टरातली सही पाहून हापिसातला बाबू म्हणे, "अम्मा के दस्तखत तो देखो, कलेक्टर है!"

तोच बाबू आता समजावून राह्यला, "अम्मा, बड़े साहब भी अंगूठा लगाते हैं." मी म्हटलं, "साहेबाले कोणी अंगठेछाप नाही म्हणत, मले म्हणन." गैरहजेरी लागत गेली. घरी सून चिडली, "आई, नोकरी जाईन न!" दुसऱ्या दिवशी मी मशीनपुढं उभी राहून रडाले लागली. शेवटी कम्प्युटरवाली पोरगी जवळ आली. "मावशी, काहून रडता? अंगठाच पाहिजे असं थोडीच आहे! कोणतंबी बोट चालते." "कोणतंबी?" "हौ न!"

मंग मी तेच बोट दिलं, बाबा, तुमी राखेत धरलं होतं ते. हिरवा दिवा पेटला. मी एवढ्या जोरानं हासली का बाबूची चाय सांडली. घरी नातीनले सांगितलं, तं ती म्हणे, "आजी, इसमें क्या है?" तिले काय सांगू! तुमीच असते तर समजले असते.

हे पत्र टाकू तरी कुठं? पण एक गोष्ट कोणाले सांगितली नाही, तुमाले सांगते. लाइट गेली का मशीन बंद पडते, मंग कागद निघते अन् सगळ्याले सही करा लागते. बाकीचे बोंबलतात. मी पेन घेऊन उभी राहते अन् मनात म्हणते, उद्याबी लाइट जाऊ दे.