रुमालाखालची बोटं

सर, तुमच्या टायपिंगच्या क्लासखाली तांब्यापितळेचं दुकान होतं ना, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जिना मात्र तोच आहे, तितकाच अंधारा. परवा भांडीबाजारात गेले होते तेव्हा खाली उभी राहून वर पाहिलं आणि परत फिरले. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली. मी नोकरीतून निवृत्त झाले, गंगापूर रोडला मुलाकडे राहते, आणि दुपारचं जेवण आटोपलं की कंप्युटरवर कोड लिहीत बसते. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर सांगते, माझी मीच शिकले. ते खरंही आहे, बऱ्यापैकी.

हे काम तुम्हाला समजेल असं सांगायचं तर, लग्नघरी पापड लाटायला गल्लीतल्या बायका येतात तसं आहे. जिने तिने आपलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं, मजुरी मागायची नाही, आणि आपला पापड कुणाच्या पानात पडला ते विचारायचं नाही. पडद्यावर जी बटणं, रकाने, निवडायच्या याद्या दिसतात त्या दर वेळी नव्याने कोण घडवणार? म्हणून ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून त्यांचा तयार साठा करून ठेवला आहे. कंपोनंट लायब्ररी म्हणतात त्याला. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसमोर उघडा. ज्याला हवं त्याने न्यावं, ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्ती पाठवावी. एखादी जाणती बाई पापड उजेडात धरून बघते, तसं कुणीतरी ती दुरुस्ती तपासतं आणि मग आत घेतं.

गेल्या उन्हाळ्यात तिथे एकाने तक्रार लिहिली. त्याला दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम लावून तो ऑफिसात दिवसभर फॉर्म भरतो. त्याचं म्हणणं, तुमची निवडायची यादी मुकी आहे. बाणाचं बटण दाबलं की निवड खाली सरकते, पण कुठे आली ते ऐकू येत नाही, म्हणून दर फॉर्मला शेजाऱ्याला हाक मारावी लागते. शेजारी चांगला आहे, पण त्यालाही त्याचं काम आहे. एवढंच लिहिलं होतं. बरेच दिवस कुणी हात लावला नाही, तेव्हा मी म्हटलं, मी बघते. त्या हाकेवरून तुम्ही आठवला होतात.

मी सतरा वर्षांची आहे, आडगावाहून बसने येते. तुम्ही आम्हाला घरून मोठा रुमाल आणायला लावता. तो मशीनवर पसरायचा, हात त्याच्या खाली. "मान वर. देवळात आलीस का, खाली बघायला? बोटांना डोळे फुटू देत." बारा मशीन एकदम खडखडतात, मागच्या गल्लीत तांबटांची ठोकठोक चाललेली, आणि तुम्ही खिडकीशी पाठमोरे उभे राहून म्हणता, "तिसरं मशीन, करंगळी आळशी आहे." तिसरं मशीन माझं. आलेली पत्रं मात्र तुम्ही कधी स्वतः वाचत नाही, मला हाक मारता. "ये गं, वाच. उच्चार सुधारतील तुझे."

मला हळूहळू कळत गेलं. जिन्याच्या पायऱ्या तुम्ही मोजायचात. फळ्यावर तुमची एक ओळ दुसरीवर चढायची. मी शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणीला सांगितलं, सरांना दिसत नाही.

"गप गं. न दिसणारा माणूस क्लास चालवेल का?"

"पैज लाव. कोरा कागद देते, बघ काय म्हणतात."

"अंगाशी येईल हं. मी नाही त्यात."

मशीनची शाईची फीत बाजूला करायची एक कळ असते, स्टेन्सिल कापताना लागते ती. मी ती सरकवली आणि अख्खा उतारा टाइप केला. कागदावर शाई नाही, नुसते ठसे. तो तुमच्या हातात दिला. सगळ्यांची मशीनं थांबलेली. तुम्ही कागद उलटा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवलात, सावकाश, एकेका ओळीवरून, निवडलेल्या तांदळात खडा राहिला का बघावं तसा. "चौथ्या ओळीत दोन शब्द चिकटलेत," म्हणालात. आणि कागद परत देताना, मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू, "फीत सरकलीय वाटतं तुझी."

"हो सर, सरकली असेल."

"बघून घे."

मैत्रीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या ओळीत दोन शब्द खरंच चिकटले होते.

यादीचं काम मला पंधरा दिवस पुरलं. पाठवलं. तपासणाऱ्याने लिहिलं, छान झालंय, उद्या आत घेतो. मी चहा टाकला. तो उकळेपर्यंत काय वाटलं कोण जाणे, हात पुसायचा टॉवेल तसाच नेऊन पडद्यावर टाकला आणि नुसत्या कानांनी यादी चालवून पाहिली. सून डोकावली.

"आई, स्क्रीनवर टॉवेल कशाला? बिघडला का?"

"नाही गं, परीक्षा चाललीय."

वरपासून खालपर्यंत यादी नीट बोलली. मग मी गावाचं पहिलं अक्षर, न, टाइप करून ती छोटी केली. कानात आलं, नाशिक. निवडलं, टॉवेल उचलला, तर रकान्यात नंदुरबार. यादी बदलली होती आणि आवाज जुन्याच जागी अडकला होता. आधी ती मुकी होती, मी तिला खोटं बोलायला शिकवलं होतं. मुकी होती तोवर तो माणूस शेजाऱ्याला हाक तरी मारत होता. आता हाक न मारता रोज चुकीचे फॉर्म भरून पाठवले असते.

सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: थांबा, आत घेऊ नका, मी फक्त डोळ्यांनी तपासलं होतं, चूक माझी आहे. लिहायला मिनिटही लागलं नाही. आणखी चार दिवस टॉवेल टाकून काम केलं, मग ते आत गेलं. त्या माणसाने दोन ओळी लिहिल्या. ऐकू येतंय. शेजारी विचारत होता, आज हाक नाही मारलीस. तपासणाऱ्याने विचारलं, पडदा झाकून तपासायचं कुठे शिकलात? टायपिंगच्या क्लासात, म्हटलं.

परक्यांपुढे चूक कबूल करायला काही लागत नाही, सर. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन आले होते. तुम्ही खिडकीशीच होतात. पावलावरून मला ओळखलंत, पेढा तोंडात टाकलात, आणि म्हणालात, "फीत बदललीस का गं?" त्या गोष्टीला सहा महिने होऊन गेले होते. मी दाराकडे पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं, ऐकणारे तुम्ही एकटेच. "बदलली सर," म्हणाले, आणि पेढ्यांचा पुडा ठेवून निघाले.

हे सगळं आत्ता टाइप केलंय ते बोटांकडे न बघता. पाठवायला पत्ता नाही, तेव्हा कंप्युटरमध्येच राहील. फीत चांगली होती, सर.