बापूरावांच्या डोक्यावरची जमीन

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.
पाचला उठलो. दोरीवरच्या पाचशे उड्या. नियम म्हणजे नियम. आंघोळ करून येतो तो दारात सोसायटीचं पाकीट. खालच्या मजल्यावरच्या बापूरावांची तक्रार, दोन पानं. 'आमच्या डोक्यावर रोज न चुकता पाय आपटले जातात.' पुढे वाचायची गरजच नाही. हेमाचा कथकचा क्लास! अकरा मुली, संध्याकाळी सहा ते साडेसात, आमच्या हॉलमध्ये. वीस वर्षं चाललाय आणि आज यांना पाय ऐकू आले. वर सेक्रेटरीचा शेरा: दसऱ्यापर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर कमिटी निर्णय घेईल. घ्या म्हणावं!

पत्र फाइलला लावलं. हेमाला दाखवलं नाही, उगाच टेन्शन. क्लासवर तक्रार आहे एवढंच सांगितलं. ती बापूरावांशी बोलायला निघाली होती. अडवलं. मी असताना काळजी कसली, असं म्हणालो.

"तुम्ही आहात, हीच काळजी आहे," म्हणाली.

९ सप्टेंबर.
ठरलं. हॉलला लाकडी जमीन. फरशीवर रिपा, रिपांच्या मध्ये ग्लासवूल म्हणजे आवाज खाणारा काचेचा कापूस, वरून फळ्या. हत्ती नाचवा, खाली हूं की चूं नाही. व्हिडिओ पाहिला. एक परदेशी माणूस अकरा मिनिटांत खोली करतो. मी दोन दिवस धरले आहेत. क्लासला तेवढी सुट्टी. ड्रॉइंगसाठी कागद शोधत होतो. तक्रारीच्या दुसऱ्या पानाची मागची बाजू कोरी निघाली. बापूरावांचा एवढा तरी उपयोग झाला.

११ सप्टेंबर.
टिंबर मार्केटमधून योगेश नावाचा सुतार माप घ्यायला आला. आला तो उपदेश करायलाच. म्हणे भिंतीकडेने बोटभर फट ठेवा, लाकूड फुगतं. म्हणे दाराखाली जागा सोडा. म्हणे पाणी लावू नका. मी खडकीला कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शन केलंय. फट दिसली की माल परत. तसं त्याला सुनावलं.

"काका, लाकूड तुमच्या कारखान्यात कामाला नव्हतं," म्हणाला.

चहा न देता पाठवला. फळ्या तेवढ्या त्याच्याकडून घेणार. बाकी सगळं मी स्वतः करणार.

१३ सप्टेंबर.
ग्लासवूल अंथरलं. दुकानदार हातमोजे गळ्यात मारत होता, घेतले नाहीत. संध्याकाळपासून अंगभर खाज. मानेला, कोपराला, नको तिथे. हेमाला डास म्हणून सांगितलं. तिने मच्छरदाणी काढून दिली आणि वर खोबरेल तेलाची बाटली ठेवली.

१७ सप्टेंबर.
दोन दिवसांचं काम पाचव्या दिवसावर गेलं. चूक बिल्डरची. फरशी एका लेव्हलला नाही. शेवटची फळी बसेना. हातोड्याने ठोकून बसवली. चारी भिंतींना फट शून्य. हॉलची जमीन वर आल्यामुळे दार अडत होतं, तेही खालून मापात कापलं. आता खालून पोस्टकार्डही जाणार नाही.

ठोकाठोक चालू असताना बापूराव वर. आपण माझं पत्र पूर्ण वाचलंत का, असं विचारतात. मला! मी आयुष्यभर रिपोर्ट वाचून सह्या केल्या. तर म्हणे, एकदा परत वाचा. काय हा उद्धटपणा! दार लावून घेतलं. चपखल लागलं.

२० सप्टेंबर.
जमीन पूर्ण. पहाटे पाचला उद्घाटनाच्या पाचशे उड्या. फर्स्ट क्लास. लाकूड माणसाला वर फेकतं, त्यामुळे सहाशे मारल्या. साडेपाचला बेल. बापूराव, बनियनवर. माझ्या हातातल्या दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खाली गेले. इन्सुलेशन पाहून ओशाळले असणार.

२१ सप्टेंबर, रविवार.
उद्या घट बसणार. घट बसायच्या आधी आमच्याकडे हॉल धुवून काढतात. ते काम माझं, लग्न झाल्यापासून. हेमा तुळशीबागेत जाताना बजावून गेली, यंदा कोरड्या फडक्याने पुसा. नवरात्र काय पारोशा जमिनीवर बसवायचं? तीन बादल्या पाणी, साबण, खराटा. एरवी पाणी गॅलरीतून खाली पडतं आणि बापूराव ओरडतात. यंदा थेंब बाहेर आला नाही. कुठे गेलं कळलं नाही, पण बापूराव ओरडले नाहीत हे महत्त्वाचं.

२३ सप्टेंबर.
हॉलच्या मध्यभागी किंचित उंचवटा. रस्त्यालाही असतो. पाणी जायला बरं.

२४ सप्टेंबर.
उंचवट्यावर टीपॉय ठेवला. घसरला. हेमा म्हणाली मुली पडतील, योगेशला बोलवा. साफ नाही म्हणालो. उद्या क्लास सुरू होणार म्हणजे होणार. वजन पडलं की जमीन बसेल.

२५ सप्टेंबर. संध्याकाळी ८.
लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. रागाने!

हेमा मुलींना आणायला गेटपर्यंत गेली होती. मी दार लावून शेवटची पाहणी करत होतो. सहाला बेल वाजली. दार उघडायला गेलो तर हलेना. दार आत उघडतं आणि दारासमोरच्या फळ्या उठल्या आहेत. मी आत. हेमा आणि अकरा मुली जिन्यात. मी आतून सूचना देत होतो, बाहेर मुली खिदळत होत्या. तेवढ्यात बापूरावांचा आवाज. मुलींना जिन्यात कशाला उभं करता हेमाताई, माझा हॉल मोकळाच असतो, माझ्या खाली कुणी राहत नाही. सगळ्या धाडधाड खाली गेल्या.

मग हेमाने फोन करून बोलावलेला योगेश आला. तो बाहेरून सांगत होता, मी आतून माझ्याच हाताने माझ्याच फळ्या उचकटत होतो. पाऊण तास. दार उघडलं तेव्हा तो फक्त एक बोट वर करून उभा होता.

२८ सप्टेंबर.
क्लास अजून खालीच. मी हेमाला स्पष्ट विचारलं, ज्याने तक्रार केली त्याच्याच घरी नाचायला जाता, लाज कशी वाटत नाही?

"तुमची फाइल एकदा उघडून बघा," म्हणाली.

फाइल व्यवस्थितच आहे. मीच लावली आहे.

२ ऑक्टोबर, दसरा.
दरवर्षी आज आमच्या हॉलमध्ये घुंगरांची पूजा असते. पाटावर अकरा जोड, दारात चपलांचा ढीग, मी पेढे वाटतो. यंदा खाली. बोलावणं आलं होतं. तत्त्वाचा प्रश्न म्हणून गेलो नाही. फळ्याच सदोष होत्या हे योगेशला लेखी कळवायला फाइलमधून ड्रॉइंग बाहेर काढलं. पंख्याने कागद उलटला.

दुसरं पान. बापूरावांचं अक्षर.

'मुलींच्या नाचाची माझी तक्रार नाही. सौ. गेल्यापासून संध्याकाळी सहाला खिडकी उघडून ऐकत बसतो, तेवढाच घरात आवाज. तक्रार पहाटे पाचच्या उड्यांची आहे. हेमाताईंचा क्लास कृपया बंद होऊ नये.'

राग आला. हे पहिल्या पानावर लिहायला काय झालं होतं? मग दोरी दिसली, खुंटीला. नंतर कोणावर रागवायचं तेच सुचेना. कागद परत फाइलला लावला, यावेळी सरळ बाजूने.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन खाली गेलो. बापूरावांनी सोनं घेतलं, पेढा दिला. हेमाला विचारलं, उद्यापासून वर? ती म्हणाली, मुलींचे पाय इथे बसलेत, राहू दे.

३ ऑक्टोबर.
पहाटे पाचला जाग आली. उठलो नाही.

संध्याकाळी सहा. हॉलमध्ये एकटा. दारात चपलांचा एकच जोड, माझा. खालून मुलींच्या पायांचा तत्कार सुरू झाला. मध्ये अख्खा स्लॅब, वर फरशी, त्यावर ग्लासवूल, त्यावर पाइनच्या फळ्या, तरी हेमाचा 'परत, पहिल्यापासून' शब्द न् शब्द ऐकू येतो. इन्सुलेशन साफ कुचकामी. खिडकी उघडली, उंचवट्यावर बसलो. साडेसातला संपलं.