सूनबाईची सहा पानं

प्रिय सूनबाई,

वकीलसाहेब म्हणाले, हा शब्द आता वापरू नका. वापरला. नऊ वर्षांची सवय त्यांच्या एका वाक्यानं सुटणार आहे होय!

तर बातमी अशी की मी कॉम्प्युटर उघडला. मी, एकटीनं, भर दुपारी, जेवणाच्या टेबलावर. कपाटाच्या खालच्या खणात तू ठेवून गेलेली कॉम्प्युटर दुरुस्तीची पिशवी आठवते ना? दोन छोटे डबे, एकात मेमरीची पट्टी, एकात नवी डिस्क, आणि तुझ्या हातची सहा पानं. सात महिने मी खण उघडायचे, पिशवी बघायचे आणि खण आदळून लावायचे. राग आला होता तुझा. खोटं कशाला बोलू? माझ्या मुलाशी पटलं नाही हे समजू शकते, त्याच्याशी माझंही रोज पटत नाही. पण लेकीला, चिमणीला घेऊन गेलीस आणि घर असं गप्प झालं की घड्याळ ऐकू यायला लागलं.

दुसरी गोष्ट तुझ्या कानावर आली असेलच. चिमणी कुणाकडे राहणार ते ठरायचं आहे आणि त्यासाठी माझा जबाब हवा आहे. तो वकीलसाहेबांनी टाइप करूनच आणला, मी फक्त खाली सही करायची, सोमवारी. त्यात लिहिलं आहे की तुला पोरीशी वागायला धीर नाही, तिचं काही चुकलं की खेकसतेस, तेच तेच विचारलं की उठून जातेस. माझी सही झाली तर चिमणी इकडे येईल असं चिरंजीव म्हणतात. त्यांना खात्रीच आहे आणि तिच्या आजोबांनी तर तिची खोली झाडूनसुद्धा घेतली.

मग यात कॉम्प्युटर कुठून आला, म्हणशील. अगं, त्यानं अगदीच मान टाकली होती. सुरू होईपर्यंत माझ्या विणकामाच्या चार ओळी व्हायच्या. लोकरवाल्या बाईंना थंडीचा नमुना पाठवायचा होता आणि चौकटींचा तक्ता उघडला की पडदा पांढराफटक. चिरंजीव म्हणाले, भंगारात टाक. एकोणीस वर्षांचे माझे नमुने त्यात आहेत म्हटल्यावर म्हणाले, बघतो रविवारी. त्यांचा तो रविवार तीन वर्षं यायचाच आहे. मी करू का म्हटलं तर बापलेक दोघेही हसले. आई, तुला साधा स्क्रू फिरवता यायचा नाही. झालं! माझं डोकं फिरलं. मंगळवारी हे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले आणि मी खण उघडला.

पहिल्याच पानावर तू लिहिलंस, आधी वायर भिंतीतून काढा, मग चहा प्या, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. चहा प्यायले. दुसऱ्या पानावर पेटीचं चित्र, आणि प्रत्येक स्क्रू जिथून निघाला तिथेच त्या चित्रावर ठेवायचा. इतकी सोय कुणी करतं का गं? झाकण काढलं तर आत धुळीची गादी! मी फडकं ओलं करून पिळलं आणि पान उलटलं, तर वर मोठ्या अक्षरांत, ओल्या फडक्यानं पुसू नका, तुम्ही पुसणार हे मला माहीत आहे. हातातलं फडकं तसंच धरून मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या शिक्षिकाबाई खिडकीशी आल्या.

मेमरीची पट्टी बसवली, नवी डिस्क जोडली, वायर लावली, बटण दाबलं. पडद्यावर अंधार. आणि आतून बीप, बीप, बीप. एकोणीस वर्षांचे नमुने गेले, असं मनात आलं आणि पाठोपाठ त्या दोघांचे चेहरे दिसले. घाईघाईनं पाचवं पान काढलं. तिथे माझी चूक आधीच लिहून ठेवली होती. बीप वाजला तर काही जळलेलं नाही. पट्टी अर्धीच बसली आहे. वायर काढा, पट्टी काढा, परत बसवा. दोन्ही कडांना टक् असा आवाज यायला हवा. जोर लागतो, पण घरातली घट्ट झाकणं तुम्हीच उघडता. त्याखाली, पुन्हा बीप वाजला तर पुन्हा काढा, घाई नाही. त्याच्याही खाली, तिसऱ्यांदा वाजला तरी हेच करा, मलाही पहिल्यांदा चार वेळा करावं लागलं होतं.

मला तीनदाच करावं लागलं. एकानं हरवलं तुला.

मग जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं. दोन्ही डिस्कना चिठ्ठ्या चिकटवायला लावल्यास, एकीला जुनी, एकीला नवी, नाहीतर रिकामं भरलेल्यावर उतरेल म्हणून. सव्वातीन तास लागले. हे आले, टेबल बघून दारातच थबकले आणि निमूट स्वयंपाकघरात उभ्यानं जेवले. संध्याकाळी जुनी काढून नवी तिच्या जागी लावली आणि सुरू केलं. एक टाका सुईवर घ्यायच्या आत पडदा उजळला गं! सगळे नमुने जागेवर. चिमणीच्या पहिल्या टोपड्याचासुद्धा. मी रडले. यांनी पाणी आणून दिलं.

आता खरं सांगते. मला सही करायची होती. गेल्या शनिवारी पेनसुद्धा उघडलं होतं. कागदातलं खोटं आहे हे मला माहीत होतं, पण पोर परत येईल या एका लोभानं मी खोट्याकडे काणाडोळा करणार होते. मंगळवारनंतर ते जमेना. जिनं बासष्ट वर्षांच्या बाईला, तीही हट्टी, एकच गोष्ट तीनदा न चिडता सांगितली, आणि तीही घर सोडायच्या आठवड्यात, स्वतःचं काळीज फाटत असताना बसून लिहून ठेवली, तिला लेकराशी वागायला धीर नाही असं मी कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून माझा जबाब मी स्वतः टाइप केला, त्याच कॉम्प्युटरवर. पोर आईजवळ राहावी, असं त्यात लिहिलं आहे. तुझी सहा पानं त्याला जोडली आहेत. आज सकाळी वकीलसाहेबांच्या हातात दिला. चिरंजीव दार आदळून बाहेर गेले, हे नुसते खिडकीबाहेर बघतात. बघू देत. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. चिमणीला माझ्याकडे कधी पाठवशील, हे मी विचारणार नाही. जबाबाच्या बदल्यात मागितलं असं तुला एक क्षणही वाटायला नको. तू माझ्यासाठी जे केलंस ते माझ्या पोटच्या पोरानं कधी केलं नाही, आणि हे तुला नऊ वर्षांत एकदाही तोंडानं सांगितलं नाही, त्याची मला लाज वाटते.

तुझीच,
आई