गजेंद्राचा पाय

पवन बेटा,

तू रात्री पुण्याहून थकून आला, झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. मी शेलूबाजारले कीर्तनाले चालली. आजच्या दिवस भाड्याच्या खोल्या तूच सांभाळ.

नळ आले की आधी वरच्या मास्तरांचा कॉक उघड, मंग खालच्या नाजिया सिस्टरचा. उलटं केलं तर वर थेंब चढत नाही, अन् मास्तर जिन्यातूनच ओरडतात. दोरीवरचे कपडे कोणाचे, या भांडणात पडू नको. मागच्या खोलीतला भाडेकरू दानिश ड्यूटीवरून आला की त्याले गेट उघडून दे.

तू फोनवर नेहमी म्हणतोस, "आई, तुले घरी बसून काय काम?" बाबू, बाप गेल्यावर घराचे भाग करून भाड्याच्या खोल्या तू काढल्या अन् पुण्याले गेला. त्यांच्या कड्या-कुलपं माह्या हातात राहिली. कीर्तनात मगरीनं गजेंद्र हत्तीचा पाय धरला, की दरवेळी माहा फोन वाजते, "मावशी, मोटर बंद पडली!" मी उठून येते. देव धावत आला, हे आजवर माह्या कानानं ऐकलंच नाही.

म्हणून फोन देवापाशी ठेवला आहे. वाजला तर तूच उचल. पोळ्या डब्यात आहेत.

आज गजेंद्राचा पाय सुटल्याशिवाय मी येत नाही.

आई