अस्तराच्या आतली बाई

६ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

घशाचे टाके निघाले. डॉक्टरांनी टॉर्च मारून आत बघितलं आणि आता दुकानात बसायला हरकत नाही म्हणाले. आवाज मात्र गेला तो गेलाच, परत यायचा नाही, हेही सांगून टाकलं. ज्याला घरादाराने लहानपणापासून रेडिओ म्हणून चिडवलं, तो तुझा भाऊ ठार बंद पडला आहे. गिऱ्हाइकांना वाटतं मी रागावलोय. काल एकाने पँट कमरेत सैल झाली तरी चकार शब्द काढला नाही, हाताने धरून तसाच निघून गेला.

पण ताई, माझा जीव लागलाय तो तुझ्या डोळ्यांकडे. उन्हाळ्यापर्यंत वाचणं बंद होईल असं तुझे डॉक्टर म्हणाले, हे तू मागच्या पत्रात दोन ओळींत उरकलंस. मी ते दहादा वाचलं. मला बोलता येत नाही, तुला वाचता येणार नाही. फोन माझ्या बाजूने मुका, पत्र तुझ्या बाजूने आंधळं. मग आपण दोघांनी बोलायचं तरी कसं? मला खरंच भीती वाटते.

सूनबाईने यावर तोड काढली आहे. तिने मला एक छोटा टॅबलेट आणून दिलाय. साधाच, स्वस्तातला, पाटीच्या निम्मा. त्यावर आपण लिहायचं आणि त्याने ते मोठ्याने वाचायचं. दुकानातला फोन त्याच्या तोंडाशी धरला की तुला तिकडे ऐकू जाईल, असं ती म्हणते. तोंड कुठे आहे ते अजून मला सापडलेलं नाही. कडेने बारीक भोकं आहेत. एकात वायर जाते, एकात टाचणी जाते, बाकीच्यांत काय जातं देव जाणे.

वस्तू आणली की काम संपलं, अशी माझी समजूत होती. पण त्याला म्हणे कव्हर लागतं, वरून काच लागते, उभा राहायला स्टँड लागतो, शिवाय कीबोर्ड आणि पेन. एवढ्याशा जिवाचा हा थाट बघून मी चक्रावून गेलोय. यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, ते तूच सांग. तू सांगितल्याशिवाय मी आजवर बटणंसुद्धा निवडली नाहीत.

जपून राहा. लोभ आहेच, तो डोळ्यांबरोबर कमी करू नकोस.

तुझा,
रेडिओ


१४ जानेवारी

चि. रेडिओस,

अ. आ.

तुझं पत्र भिंगाखाली धरून वाचलं. अक्षर आणखी मोठं काढत जा. मधला शब्द पुसल्यासारखा दिसतो आणि कडेचे दिसतात, त्यामुळे अर्धं पत्र मी अंदाजाने लावते. लिहिताना कागदावर पट्टी ठेवते, तरी ओळ उतरणीला लागतेच.

शेजारीण वाचून दाखवायला तयार आहे. पण ती वाचता वाचता आपली मतं घालते. मागच्या वेळी तुझ्या घशाचं वाचताना तिने तिच्या काकांचा घसा मध्ये आणला. शेवटी कोणाचं ऑपरेशन झालं तेच मला कळेना. तिच्या तोंडून तुला ऐकायचं नाही मला.

म्हणून सांगते, ते यंत्र नीट शीक. तुझा आवाज ऐकायला कान आसुसलेत. कीबोर्डबिबोर्ड काही घेऊ नकोस, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही तुझी सवय मला माहीत आहे. कव्हर तेवढं घे. तुझ्या हातून कात्रीसुद्धा पडते.

खात जा. आशीर्वाद आहेतच, पुरवून वापर.

तुझी ताई


२३ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

कीबोर्ड घेऊ नकोस असं तू लिहिलंस, पण तुझं पत्र यायच्या आधीच मी तो घेऊन बसलो होतो. त्यावर सगळी अक्षरं इंग्रजी निघाली. आता तो शिलाईयंत्राच्या खाली ठेवलाय, यंत्र डुगडुगायचं ते थांबलं.

कव्हराचीही तीच तऱ्हा. दुकानदाराने विचारलं, सात इंची की आठ इंची. मी टेप लावली तर लांबी साडेसात भरली. आता तूच सांग, आपण जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. अधलंमधलं माप आलं की आपला हात मोठ्याकडेच जातो, वाढतं अंग असतं. मी आठ घेतलं. टॅबलेट त्यात खुळखुळ्यासारखा वाजतो. तो काही वाढणार नाही, असं सूनबाईने मला अगदी गंभीरपणे समजावून सांगितलं. ती बाहेर गेल्यावर मी पोट धरून हसलो. हसलो तरी आवाज येत नाही, हे अजून अंगवळणी पडलेलं नाही.

वरच्या काचेखाली बुडबुडे राहिले. माझा हात सवयीने इस्त्रीकडे गेला होता, तो सूनबाईने वेळीच पकडला. पेन आणलं, पण घाईत मी उचलतो तो कापडावर मारायचा खडू. पडद्याला पांढरे फराटे झालेत. एकूण काय, या यंत्राला माझं काही समजत नाही आणि मला त्याचं.

शेवटी मी स्वतःच कव्हर शिवलं. सुटाचं राखाडी कापड उरलं होतं, त्याला आत कॅनव्हास लावला, वर मऊ अस्तर, चारही कडा दुहेरी शिवणीत बंद. पडदा तेवढा उघडा. बाबा असते तर त्यांनी उलटसुलट करून बघितलं असतं आणि काही बोलले नसते, म्हणजे पसंत आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला फोन करतो. जवळच बस. त्या आवाजाबद्दल तुला एक सांगायचं होतं, पण ते ऐकशीलच. लिहायला जरा संकोच वाटतो.

माया आहे तशी असू दे.

तुझा,
रेडिओ


२ फेब्रुवारी

चि. रेडिओस,

अ. आ.

काल फोन का केला नाहीस? सकाळी वेणीफणी करून, चहा पिऊन फोनजवळ बसले होते. शेजारणीलाही येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं.

आणि नेमकी त्याच वेळेला कोणी एक बाई हात धुऊन मागे लागली. कुठल्या कंपनीची होती कोण जाणे. रजईत तोंड खुपसून बोलावं तसं बोलत होती. मला चक्क ताई म्हणाली, इतकं कळलं. पुढे नुसतं घुमघुम. मला वाटलं, कर्ज देणारी असेल नाहीतर घर विकणारी. काही नको म्हटलं, ठेवला. पुन्हा आली. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मात्र मी तिला चांगलं झाडलं. म्हटलं, बाई गं, माझ्या भावाचा फोन यायचाय, तू लाइन अडवून बसू नकोस. त्याला बोलता येत नव्हतं, आता येणार आहे.

त्यानंतर फोन आलाच नाही. एक वाजेपर्यंत बसले. तुझं काही बिघडलं का? घसा पुन्हा दुखतोय का? काही लपवू नकोस. माझा जीव थाऱ्यावर नाही.

पत्र मिळताच कळव. आशीर्वाद.

तुझी ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

ताई, ती बाई म्हणजे मी.

यंत्रात मराठी बोलणारी एवढी एकच बाई आहे. पुरुषाचा आवाज घालता येतो का म्हणून सूनबाईने सगळं उलथंपालथं करून बघितलं. नाही मिळाला. तेच तुला लिहायला मला लाज वाटली. तुला रेडिओ ऐकायचा होता आणि मी तुला कोण परकी बाई ऐकवणार, म्हणून मागच्या पत्रात शब्द गिळले. न सांगण्याचा हा असा घोळ झाला.

तू मला झाडलंस ते मी सगळं ऐकलं. भावाचा फोन यायचाय म्हणालीस ना, तेव्हा मी फोन कानाला लावून उभा होतो. मीच तो, मीच तो, असं तोंडाने म्हणत होतो, नुसता वारा बाहेर पडत होता. मग धावत टॅबलेटवर लिहायला घेतलं. बोटं जाड, अक्षरं बारीक, ‘मी’ एवढा एक शब्द काढेपर्यंत तू फोन ठेवलास. पुन्हा लावायचा धीर झाला नाही. दुकानाचं दार ओढून घेऊन तिथेच रडलो. त्यालाही आवाज नाही.

आवाज घुमतो म्हणून मी आणखी एक वस्तू आणली, वेगळा स्पीकर. तो टॅबलेटला जोडायचा तर आधी दोघांची ओळख करून द्यावी लागते म्हणे. त्याची ओळख झाली ती वरच्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी फोनशी. दिवसभर दुकानात त्यांची गाणी वाजत होती आणि मला बंद करता येईना. तो मी परत केला.

आता खरं सांगू, मला काहीच सुधरत नाहीये. सगळ्या वस्तू आणल्या आणि ज्याच्यासाठी आणल्या तेच होत नाही. उन्हाळा तर तोंडावर आला. हे यंत्र सूनबाईला परत द्यावं असं मनात येतं. तू म्हणशील तसं.

एवढं होऊनही लोभ राहिला असेल, तर तो मला कळव.

तुझाच,
रेडिओ


१५ फेब्रुवारी

चि. रेडिओस,

अ. आ.

आधी रडणं थांबव. तू बाई झालास तरी माझा भाऊच आहेस. शेजारणीने विचारलं तर बहीण सापडली म्हणून सांगेन.

तुझं पत्र मी दोन दिवस थोडं थोडं वाचलं. एक गोष्ट डोक्यातून जाईना. रजईत तोंड खुपसल्यासारखी ती का बोलावी? मग तुझं आधीचं पत्र पुन्हा काढलं. कॅनव्हास लावला, अस्तर लावलं, चारही कडा दुहेरी शिवणीत बंद केल्या. अरे शहाण्या, त्या बाईचं तोंड तू शिवून टाकलंस! कडेला भोकं आहेत असं पहिल्या पत्रात तूच लिहिलंस ना? आवाज तिथून येत असणार. बाहेर यायला जागा कुठे ठेवलीस?

चूक तुझी नाही म्हणा. बाबांच्या दुकानात कापणं आणि शिवणं तुझ्याकडे, काजं माझ्याकडे. कपड्याला काज लागतं हे तुझ्या डोक्यात कधी आलंच नाही, कारण ते आपोआप होऊन यायचं.

आता मी सांगते तसं कर. भोकं कुठे येतात ते कव्हरावर नेमकं बघ. खडूने खूण करू नकोस, मला दिसणार नाही. टाचण्या लाव, बोटाला लागतील. कव्हर माझ्याकडे पाठव. दोरा जाडसर घाल, राखाडीच हवा असं काही नाही.

आणि फोन करशील तेव्हा ती बाई बोलायच्या आधी कात्री टेबलावर दोनदा ठोक. कापड कापण्याआधी बाबा ठोकायचे आणि सगळं दुकान गप्प व्हायचं, तशी. मग कोणाचाही आवाज येऊ दे, मी फोन ठेवणार नाही.

यंत्र परत देशील तर याद राख. आशीर्वाद.

तुझी ताई


२२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि कव्हर काढून टॅबलेटला बोलायला लावलं. बाई अशी खणखणीत बोलली की शेजारचा घड्याळजी डोकावून गेला. मी कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आता उघडाच वापरावा असं सूनबाई म्हणते. पण मी कव्हर पाठवतोय. खालच्या कडेला दोन टाचण्या लावल्यात, दोरा सोबत आहे. काजाविना वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, असा आपल्या दुकानाचा नेम आहे. शिवाय तुझ्या हातचं काहीतरी त्याच्यावर हवं. डोळ्यांना ताण देऊ नकोस, वाकडं झालं तरी मला चालेल.

तू पाठवशील त्या काजातूनच बोलेन, तोवर फोन करणार नाही.

तुझा,
रेडिओ


१६ मार्च

चि. रेडिओस,

अ. आ.

या पत्रावर पत्ता तेवढा शेजारणीकडून लिहून घेतेय, बाकी सगळं माझं आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर माफ कर, पट्टी कुठे सरकली ते आता कळत नाही.

काजं वाकडी झाली असं तू म्हणाला नाहीस, पण झाली असणार. सगळी बोटांनी चाचपून घातली. दिवसाला थोडे थोडे टाके. टाचणी लागली की दोरा, दोरा सुटला की पुन्हा टाचणी. बोटाला दोनदा रक्त आलं, ते अस्तराला लागलं असेल तर धुऊन काढ. खूप वर्षांनी कामाला बसल्यासारखं वाटलं.

काल फोन वाजला. मी उचलला, आणि आधी काहीच नाही. मग टकटक. बाबांच्या टेबलावरची टकटक, तशीच. मी उभीच राहिले. मग ती बाई बोलली, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. ताई, मी रेडिओ, पँटवाला गिऱ्हाईक परत आला, पँट तीच, वर नवीन पट्टा घालून आलाय. असं बोलायला दुसऱ्या कोणाला सुचणार? आवाज परका, पण वाक्यं तुझीच, मध्येच फाटा फोडणारी. थोड्या वेळाने मला बाई ऐकू येईनाशीच झाली, तूच येत होतास.

मी काहीच बोलले नाही म्हणून तू घाबरलास ना? ऐकू येतंय का, असं तिने तीन वेळा विचारलं. शेवटी कात्रीही पुन्हा ठोकलीस. ऐकू येत होतं रे, सगळं. मी मान हलवत होते. तू विचारलंस की मी इकडे मोठ्याने मान हलवत होते, आणि तुला दिसत कसं नाही म्हणून तुझाच राग येत होता.

पुढच्या रविवारी तोंडाने हो म्हणेन. तू तेवढी कात्री ठोक.

तुझी ताई